जांभळीखालची काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. हसलात ना? हसा. काठीच्या आयुष्यात सांगण्यासारखे ते काय असणार, असे तुम्हाला वाटत असेल, आणि खरे सांगते, गेल्या मार्गशीर्षापर्यंत मलाही तसेच वाटत होते. पण तेव्हा जे घडले ते कुणाला सांगितल्याशिवाय मला आता राहवत नाही. जरा बोलघेवडी आहे मी, तेवढे सांभाळून घ्या. जन्मभर लोकांच्या गप्पा ऐकत डोंगर चढले-उतरले, त्याचा हा परिणाम.

पवनानगरच्या पुढे धरणाच्या पाण्याच्या कडेने एक रस्ता जातो. त्याला डोंगराकडे एक फाटा फुटतो आणि तो आमच्या वाडीत येऊन संपतो. वाडीच्या डोक्यावर गड आहे. पुस्तकात त्याला मोठे भारदस्त नाव आहे म्हणे, पण वाडीत त्याला नुसता गड म्हणतात आणि वरच्या देवीला म्हणतात गडजाई. गडाची आता पार पडझड झाली आहे. तटाचे दगड घरंगळून रानात पडलेत, वाड्यांची नुसती जोती उरलीत, आणि दरवाजाची कमान कशीबशी उभी आहे. पण देवीचे दगडी देऊळ मात्र धड आहे. कारण एवढेच, की तिथे माणसांचे जाणेयेणे कधी थांबले नाही.

माझा जन्म वाडीमागच्या मेसाच्या बेटात झाला. मेस म्हणजे आमच्याकडचा भरीव बांबू. पोकळ बांबूसारखा तो ऐन वेळी दगा देत नाही. गोरखभाऊ नावाच्या शेतकऱ्याने मला हेरले आणि दिवाळीनंतर तोडले. महिनाभर त्यांनी मला वळचणीला सावलीत सुकवले. मग निखाऱ्यावर शेकून माझा बाक काढला, करंजाचे तेल चोळले आणि खालच्या टोकाला लोखंडी पाइपाचा एक तुकडा ठोकून बसवला. त्याला शेंबी म्हणतात. शेंबी असली की काठी झिजत नाही आणि दगडावर 'टक्' असा खणखणीत आवाज येतो. मला त्या आवाजाचा फार तोरा होता. रिकाम्या अंगणातसुद्धा कुणी मला उगाच टेकले तर मी टक् करायची.

गोरखभाऊंनी माझ्यासारख्या पुष्कळ काठ्या केल्या, पण त्यातली एकही घरात ठेवली नाही. आमच्या वाडीची रीतच तशी आहे. गडाची वाट सुरू होते तिथे एक जांभळ आहे. तिच्या दुबेळक्यात, म्हणजे दोन फांद्यांच्या बेचक्यात, काठ्या उभ्या करून ठेवायच्या. जो चढणार त्याने एक उचलायची, उतरल्यावर पुन्हा तिथेच ठेवायची. कुणी मागायचे नाही, कुणी द्यायचे नाही. आम्ही कुणा एकाच्या नव्हतो, आणि त्यातच आमचा मोठेपणा होता.

काय काय हात पाहिले मी! शाळेच्या सहलीतले घामट हात, नव्या नवरीचे मेंदीचे हात, कामशेतच्या बाजारातून थेट देवीला आलेल्या बायकांचे भाजीचा वास येणारे हात. शहरातले लोक आधी मला तोंडदेखली हातात घ्यायचे. मग पहिली खडी चढण आली की असे घट्ट धरायचे की विचारू नका. एका आजोबांनी खाली उतरल्यावर मला चक्क नमस्कार केला होता. म्हणाले, "आज तू होतीस म्हणून मी देवी पाहिली." मला इतके भरून आले, पण काठीने काय बोलावे?

देवी पाहिली म्हणाले ते. मी मात्र आजवर तिला पाहिलेले नाही. देवळात काठी नेत नाहीत. दाराबाहेर दीपमाळ आहे, तिला आम्हाला टेकवून माणसे आत जातात. घंटा ऐकायची, नारळ फुटल्याचा आवाज ऐकायचा, आणि आपण बाहेर उभे राहायचे. तक्रार नाही माझी. पण कधीकधी वाटायचे खरे, की इतक्यांना मी इथवर आणले, तर एकदा तरी डोकावू द्यायला काय हरकत होती?

पुढे दिवस पालटले. घडी घालून पिशवीत मावतील अशा अॅल्युमिनियमच्या काठ्या घेऊन लोक यायला लागले. त्यांनी आमच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. ते एक वेळ परवडले. पण धरणाकाठी तंबूत राहायला येणारे काहीजण आम्हाला नेत आणि वरच टाकून येत. माझ्या बहिणींपैकी कुणाला दरीत भिरकावले, तर कुणाची नूडल्स शिजवायला चूल पेटवली. गोरखभाऊ होते तोवर नव्या काठ्या करत राहिले. ते गेले आणि जांभळ रिकामी झाली. मीही एका शेकोटीच्या कडेला पडले होते. डोक्याकडची बाजू करपली होती आणि अंगाला एक चीर गेली होती. तिथून मला उचलले ते आक्काबाईने.

आक्काबाई म्हणजे गोरखभाऊंची बायको. नवऱ्याच्या हातची शेवटची काठी म्हणून तिने मला घरी आणले, चिरेवर सुतळी घट्ट गुंडाळली आणि दाराआड उभे केले. मान मिळाला म्हणायचा, पण काम गेले. कोंबड्या हाकणे आणि शेवग्याच्या शेंगा पाडणे, एवढ्यावर माझा संसार आला. टक् म्हणायला दगडसुद्धा नव्हता, घरात फरशी घातली होती. तिथे माझा आवाज अगदी बारीक यायचा. दाराआड उभी राहून मी घरातले सगळे ऐकायची, आणि त्यातूनच मला आक्काबाईच्या मनातला काटा कळला.

आमच्याकडे नवा भात घरात आला की मार्गशीर्षातल्या मंगळवारी वाडीतल्या प्रत्येक घरची बाई गडजाईची ओटी भरायला जाते. नव्या तांदळाची ओटी, स्वतःच्या पायांनी जाऊन. आणि निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. देवीच्या दारातून तर नाहीच. पाठ न दाखवता पाय मागे घ्यायचे आणि म्हणायचे, "येते गं आई." म्हणजे पुढच्या साली नवा भात घेऊन येते. तो शब्द असतो. आक्काबाईने तो लग्न होऊन आल्यापासून दर साली दिला आणि दर साली पाळला.

मग तिचे गुडघे गेले. गेली दोन वर्षे ती वर जाऊ शकली नाही. सून रुपाली ओटी घेऊन जात होती, पण आक्काबाईच्या मनाचे समाधान होत नव्हते. त्यात पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले की पौषात गुडघ्यांचे ऑपरेशन करू. तेव्हा आमच्या घरात जी वादावादी झाली, ती मी दाराआडून शब्द न् शब्द ऐकली.

आक्काबाई म्हणाली, "आपरेशनच्या आदी येकडाव वर जाऊन येते."

तिचा मुलगा अतुल तळेगावकडे एका कारखान्यात कामाला आहे. पोरगा लाखात एक, पण आईची काळजी लागली की त्याचा आवाज चढतो. तो म्हणाला, "आई, घरातली पायरी उतरताना तू भिंत धरतेस. आणि गड म्हणतेस?"

"मग आपरेशन झाल्यावं जाऊ?"

"झाल्यावर तर गडाचं नावच काढायचं नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय."

"म्हंजी आता जायाचं न्हाई आन् मंगबी न्हाई."

"रुपाली नेते ना ओटी? देवीला काय कळत नाही का तुझे गुडघे गेलेत ते?"

आक्काबाईने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. मग ती म्हणाली, "कळत आसंल. पर मी तिला येते म्हनून आलेय. आता येनार न्हाई हे सांगाय तरी जायाला पायजे. न सांगता ऱ्हायचं म्हंजी पळून गेल्यावानी हुतंय."

पण अतुल मानला नाही. सून बिचारी दोघांच्या मध्ये पोळीचे पीठ मळत बसली होती. त्या दिवशी जेवण झाल्यावर आक्काबाई दाराशी आली आणि तिने माझ्यावर हात ठेवला. उचलले नाही. नुसता हात ठेवून उभी राहिली. मित्रांनो, मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवशी कस्तुराबाई आल्या. यांची ओळख करून द्यायला हवी, कारण खरी गोष्ट यांचीच आहे. कस्तुराबाईंचे घर वाडीच्या खालच्या अंगाला आहे. त्यांच्या घराण्याने फार पूर्वी बौद्ध धम्म घेतला. त्यांच्या दारात निळा झेंडा आहे आणि घरात बुद्धाची तसबीर. त्यांचे यजमान अंबाजी आणि आमचे गोरखभाऊ यांची खाचरे बांधाला बांध लागून. त्यामुळे दोन्ही घरांची भातलावणी सावडीने व्हायची, आज हिच्या खाचरात दोघींनी खपायचे, उद्या तिच्या. वाकून, हातात रोपांची मूठ घेऊन, चिखलातून मागे मागे सरकत दोघींनी उभे आयुष्य एका ओळीत काढले होते. त्यामुळे त्यांना एकमेकींशी फार बोलावे लागत नसे.

कस्तुराबाईंनी आक्काबाईचे तोंड पाहिले आणि ओसरीवर बसत विचारले, "कवा जायाचं?"

"कोन सोडतंय मला?"

"मी इच्यारते कवा जायाचं. मंगळवारी अतुलची पयली पाळी आसती. सकाळच्याला निगू."

आक्काबाई त्यांच्याकडे बघत राहिली. "तू येनार? देवीला?"

"देवीला न्हाई. तू देवीला चालली, मी तुला चालले."

हे ऐकून रुपाली स्वयंपाकघरातून बाहेर आली. मला वाटले, आता ही नवऱ्याला सांगणार. पण तिने मंगळवारी सकाळी स्वतःच्या हाताने ओटी बांधून दिली, त्यात नवा तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण, नारळ. वर म्हणाली, "आई, सावकाश जा. मी काही बघितलं नाही." आणि आक्काबाईने मला दाराआडून उचलले.

अंगणाबाहेर पहिल्या दगडावर मी टक् केले. बाई गं, काय सांगू! किती दिवसांनी!

चढण तशी बरी गेली. दोघी थांबत थांबत चालल्या होत्या. जांभळीपाशी पाणी प्यायल्या, खिंडीत आवळे वेचले, तटाखालच्या सपाटीवर बसून कुणाच्या सुनेला दिवस गेलेत त्याची चर्चा केली. मी आक्काबाईचा भार घेत होते आणि माझी सुतळी करकरत होती. पण तुटायचे नाही असे मी मनाशी ठरवले होते. दरवाजाच्या खाली कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत. उंच उंच, झिजलेल्या, काही अर्ध्या तुटलेल्या. तिथे आक्काबाई हात टेकून, जवळजवळ रांगत चढली. वर पोचल्यावर तिने मागे वळून पाहिले. खाली धरणाचे पाणी पसरले होते आणि कडेला वाडीची खाचरे दिसत होती, कापणी झालेली, पिवळी.

"आपलं खाचर दिसतंय गं," ती म्हणाली.

"दिसनार न्हाई तर. जाईल कुटं?" कस्तुराबाई म्हणाल्या.

देवळापाशी आल्यावर आक्काबाईने मला दीपमाळेला टेकवले. कस्तुराबाई शेजारच्या पाण्याच्या टाक्याच्या काठावर बसल्या. "आत ये की," आक्काबाई म्हणाली. "आता कोन आडवतंय?"

"आता न्हाई आडवत. माज्या सासूला हितवर बी येऊ देत नव्हते. तिला न्हाई, ते मला कशाला? आन् माजं काय काम बी न्हाई तितं. तुजं तू कर, मी हितं हाय."

आक्काबाईने मान डोलवली. या दोघींमध्ये हे बोलणे पहिल्यांदा होत नसावे, कारण कुणालाच त्याचा राग आला नाही. ती आत गेली. कस्तुराबाईंनी दीपमाळेकडे पाहिले आणि मला उचलून आपल्या मांडीवर आडवे घेतले. दाराबाहेर थांबणारी मी एकटीच नाही, हे मला त्या दिवशी कळले. फार बरे वाटले.

आतला आवाज बाहेर स्वच्छ येत होता. नारळ फुटला. मग आक्काबाई बोलू लागली. "आई, गुडगं गेलं बग माजं. दोन साल आले न्हाई, राग धरू नगंस. आता म्होरं बी माजं येनं व्हनार न्हाई. ते सांगाय आलेय. रुपालीची वटी तीच माजी समज. पोरास्नी सांबाळ." इकडे कस्तुराबाईंनी पदर तोंडाशी धरला होता.

मग बांगड्या वाजल्या. आक्काबाई पाठ न दाखवता एकेक पाऊल मागे येऊ लागली. उंबऱ्याशी येऊन तिने हात जोडले आणि म्हणाली, "येते गं आई."

ती बाहेर आली. चेहऱ्यावर ओझे उतरल्यासारखे दिसत होते. कस्तुराबाईंनी विचारले, "सांगितलं समदं?"

"सांगितलं बाई. मोकळी झाले."

"आन् निगताना काय म्हनालीस?"

आक्काबाई जागच्या जागी थांबली. तिच्या तोंडाकडे मी पाहतच राहिले. "आगं बया," ती हळूच म्हणाली. "येते म्हनले की गं."

कस्तुराबाई अशा हसल्या, अशा हसल्या, की मी त्यांच्या मांडीवरून घरंगळून खाली पडले. आक्काबाई आधी चिडली. "हसतीस काय? आता फिरून जाऊन निस्तारते."

"आन् काय म्हनशील? जाते म्हनशील?"

आक्काबाईने दाराकडे दोन पावले टाकली आणि पुन्हा थांबली. ते तिच्या तोंडून येणे शक्यच नव्हते. शेवटी ती येऊन टाक्याच्या काठावर बसली आणि तीही हसायला लागली. हसता हसता रडली. मग दोघींनी आणलेली भाकरी आणि चटणी खाल्ली.

इथवर सगळे छान झाले. पण गड चढणे सोपे असते, उतरणे कठीण, हे माझ्याइतके कुणाला माहीत असणार? त्या कातळातल्या पायऱ्यांशी आल्यावर आक्काबाईने एक पाय खाली सोडला आणि ती कळवळली. गुडघा अडकला. दुसरा पाय पुढे करून पाहिला, तोही तसाच. मला खाली टेकून माझ्यावर भार टाकला, तर पायरी इतकी उंच की मीच पुरले नाही. एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला मोकळी दरी.

"कस्तुरे, पाय खाली जाईना," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "आता काय करायचं गं? अतुलचं ऐकाय पायजे हुतं. चार गडी बोलवून मला झोळीतनं न्ह्यायची का आता? आपरेशनच्या आदीच तंगडं मोडून घेनार मी."

मोबाईलला तिथे रेंज येत नाही. ऊन कलायला लागले होते. मला दरदरून घाम फुटला असता, पण काठीला तो फुटत नाही. कस्तुराबाई आधी पायऱ्यांकडे आणि मग आक्काबाईकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी मला आक्काबाईच्या हातातून काढून घेतले.

"वळ," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पाट फिरव. त्वांड देवीकडं कर. आता वाक. लावनी करायलीस आसं समज."

आक्काबाईला क्षणभर काही उमजले नाही. मग तिचे तिलाच उमजले. ती वळली, वाकली, आणि दोन्ही हात वरच्या पायरीवर ठेवले. उभ्या आयुष्यात हजारदा वाकली होती तशीच. कस्तुराबाई तिच्याखाली एका पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या आणि पुढची पायरी जिथे घट्ट होती, तिथे त्यांनी मला टेकले.

टक्.

"हितं. उजवा सोड."

आक्काबाईचा उजवा पाय मागे सरकला, चाचपडला आणि बरोबर माझ्या शेजारी येऊन टेकला. गुडघा कुरकुरला, पण अडकला नाही. मागे सरकताना भार हातांवर होता, गुडघ्यावर पडत नव्हता.

टक्. "आता डावा."

मित्रांनो, मी जन्मभर टक् टक् करत आले. मला वाटायचे तो माझा तोरा आहे. त्या दिवशी तिला खालचे काही दिसत नव्हते, आणि माझा आवाज ऐकून तिचे पाऊल पडत होते. मी नीट वाजले नसते तर ते पाऊल चुकले असते. इतकी जबाबदारी माझ्यावर कधी कुणी टाकली नव्हती. मी जीव तोडून वाजले.

मध्येच खालून शहरातली काही पोरे-पोरी वर येत होती. दोन म्हाताऱ्या उलट्या उतरताना पाहून ती थबकली आणि एका मुलीने मोबाईल वर केला. कस्तुराबाई मान न वळवता म्हणाल्या, "फोटू मागनं काढ पोरी. आदी त्यो सुटा दगड बाजूला कर." मुलीने मुकाट्याने मोबाईल खिशात घातला आणि दगड बाजूला केला. मग ती सगळी कडेला अंग चोरून उभी राहिली, दोघी पुढे जाईपर्यंत.

पायऱ्या निम्म्या झाल्या असतील तेव्हा खालून धापा टाकत कुणीतरी आले. तो अतुल होता. पाळी संपवून तो घरी आला, तर आई नाही. रुपालीला विचारण्याआधीच त्याने दाराआड पाहिले होते. माझी जागा रिकामी दिसल्यावर त्याला काय ते समजले आणि तो तसाच कंपनीच्या कपड्यांत धावत सुटला होता.

"आई, थांब," तो म्हणाला. "हलू नको. मी पाठीवर घेतो तुला."

आक्काबाईने मान वर केली नाही. ती वाकलेलीच म्हणाली, "हात लावू नगं, अतुल. वळ मोडंल."

लावणीची ओळ मध्येच मोडली की पुन्हा सूर लागत नाही, हे अतुलला ठाऊक होते. लहानपणी तो खाचराच्या बांधावर बसून या दोघींना असेच मागे मागे येताना पाहत असे. तो तिथेच उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. मग तो आमच्या खाली उतरला आणि पुढच्या पायरीवरची खडी हाताने झाडू लागला. तो झाडायचा, कस्तुराबाई मला टेकायच्या आणि आक्काबाईचा पाय यायचा. असे करत आम्ही तटाखालच्या सपाटीवर पोचलो.

आक्काबाईने कंबर सरळ केली. समोर गड होता, वर देवळाचा कळस दिसत होता.

"बग," कस्तुराबाई म्हणाल्या, "देवीला पाट सुदिक दावली न्हाईस."

अतुल खाली बसला होता. "मला सांगायचं नाही का, मावशी?" त्याने विचारले. आवाज चढला नव्हता.

"सांगितलं आस्तं तर सोडलं आस्तंस?"

त्याने आईच्या पावलांवरची माती पुसली, आणि खालची सोपी वाट तिला एका हाताने धरून आणली. दुसऱ्या हातात मी होते.

पौषात ऑपरेशन झाले आणि चांगले झाले. आक्काबाई दवाखान्यात होती तेव्हा अतुल मेसाच्या बेटात गेला. त्याने वडिलांसारख्याच काठ्या तोडल्या, सुकवल्या, शेकल्या. पहिल्या दोन जरा वाकड्याच झाल्या, पण शिकेल तो. शेंब्या मात्र त्याने कारखान्यातल्या मित्राकडून अशा झकास करून आणल्या की मला हेवा वाटला. त्या काठ्या त्याने जांभळीच्या दुबेळक्यात नेऊन ठेवल्या. आक्काबाई घरी आल्यावर मलाही तिने तिथेच ठेवायला लावले. अतुल म्हणत होता, ही राहू दे घरात, बाबांची आठवण आहे. ती म्हणाली, "त्यांनी ती दाराआड ठेवाय क्येली नव्हती."

तर आता मी पुन्हा जांभळीखाली आहे. नव्या पोरींना गडाची वाट शिकवते, म्हणजे बढाया मारते. डॉक्टरांचे गड चढायचे नाही हे म्हणणे अजून तसेच आहे. अतुल त्याची रोज आठवण करून देतो. आणि आक्काबाई रोज सकाळी कस्तुराबाईंचा हात धरून चालायचा सराव करते. आधी अंगणाच्या कडेपर्यंत, मग पाण्याच्या नळापर्यंत, मग मारुतीच्या पारापर्यंत. काल ती जांभळीपर्यंत आली.

तिने सगळ्या नव्या काठ्यांवरून हात फिरवला आणि मला उचलले. माझ्यावरची सुतळी चाचपली. एका दगडावर मला टेकले, टक्. तिने वर गडाकडे पाहिले. कस्तुराबाई म्हणाल्या, "अजून न्हाई गं. चल." तिने मला नीट जागेवर उभे केले. माझ्या करपलेल्या डोक्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "येते."

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. आमच्या गडावर जरूर या. चढताना जांभळीतली काठी घ्या, मी हाती लागले तर मलाच घ्या. पण उतरल्यावर मला पुन्हा जागेवर ठेवा. वर विसरू नका, दरीत टाकू नका, चुलीत घालू नका. ती मला 'येते' म्हणून गेली आहे. ती आली आणि मी इथे नसले, तर कसे व्हायचे?